साठ फ्रेमचं भांडण

सिद्धेश, तू डेंग्यूने गेलास. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण आपल्या बिल्डिंगमध्ये दुसरंच काहीतरी चालू झालंय. तू म्हणे गेमने गेलास. त्या डब्यासमोर बसून बसून मेंदूवर परिणाम झाला म्हणे. बाजूच्या अर्धवट इमारतीच्या तळघरात कधीपासून पाणी साचलंय, त्यात काय वळवळतंय ते जिन्यातून जाता-येता सगळ्यांना दिसतं. पण बोट कुणाकडे? टीव्हीखालच्या काळ्या डब्याकडे. डास निर्दोष सुटला, रे.

सोसायटीच्या ग्रुपवर तुझा फोटो, खाली हात जोडलेले, फुलं, भावपूर्ण श्रद्धांजली. आणि त्याच्या लगेच खाली कुणीतरी 'पालकांनो सावधान' असा व्हिडिओ टाकला, व्हिडिओ गेमचे दुष्परिणाम सांगणारा. मी लिहिलं, 'लाज वाटू द्या.' ॲडमिनने माझा मेसेज उडवला. व्हिडिओ अजून आहे.

उद्या सभा आहे. विषय एकच. तळमजल्यावरची, रहिवाशांच्या उपक्रमांसाठी राखलेली वेल्फेअरची खोली, म्हणजे तुझी गेमची खोली, रिकामी करायची आणि तिथे अभ्यासिका काढायची. तुझ्या नावाने. 'कै. सिद्धेश स्मृती अभ्यासिका.' बोर्डाचं डिझाइनसुद्धा आलंय. त्यात तुझ्या फोटोमागे पुस्तकांचं भलंमोठं कपाट आहे. तू आणि पुस्तकांचं कपाट! हसू नकोस, मी रागाने लिहितेय.

राग मुख्यतः याचा, की त्यांनी मला बरोबर पकडलंय. या बिल्डिंगमध्ये अभ्यासिका हवी असं पहिलं पत्रक कुणी काढलं होतं? मी. गुलाबी कागद, झेरॉक्स, प्रत्येक दाराखालून सरकवलेलं. 'आमच्या मुलांनी अभ्यास कुठे करायचा? जिन्यात? संडासच्या पॅसेजमध्ये? जवाब द्या!' तू ते वाचून म्हणाला होतास, "उद्गारचिन्हं कमी कर गो, कानठळ्या बसतात." आणि तेव्हापासून माझं नावच 'पत्रक' पडलं. "काय पत्रक, आज कुणाचा निषेध?"

उद्या मी उठून अभ्यासिकेला विरोध केला तर पप्पा काय म्हणतील, संघटनेतले काय म्हणतील, ते मला ठाऊक आहे. नाही केला तर पोरं तुझ्या दारातून परत जातील. दोन्ही मला जमणारं नाही आणि सभेला एक रात्र उरलीय. म्हणून तुलाच विचारत बसलेय. तू उत्तर देणार नाहीस, तू तर जिवंतपणीही सरळ उत्तर देत नव्हतास.

तुझी-माझी ओळखच भांडणाने झाली. ही बिल्डिंग मिळायच्या आधी आपण संक्रमण शिबिरात होतो, पत्र्याच्या भिंती, तुमचा पत्रा आणि आमचा पत्रा एकच. तुमच्याकडे टीव्ही गेम आला. तो पिवळ्या कॅसेटवाला, कॅसेटवर लाखो गेम लिहिलेले आणि आत तेच चार फिरून फिरून. मी तुमच्या दारात उभी. तुझ्या आईने, काकींनी, हाक मारली, "ये गो बाय, बस." तू माझ्या हातात रिमोट दिलास. कंट्रोलर म्हणायला आपण फार नंतर शिकलो, तेव्हा रिमोटच. मी जीव तोडून बटणं दाबली. माझा माणूस उड्या मारत होता, नाणी खात होता, मी किंचाळत होते. आणि मग मला दिसलं की माझ्या रिमोटची वायर डब्यात गेलेलीच नाही. ती खाटेखाली गुंडाळून ठेवली होती. माणूस तुझा होता. मी लिंबूटिंबू होते.

ज्या घरात धाकटं भावंड आहे त्या प्रत्येक घरात हे केलं गेलंय, मला माहितेय. लहानाला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही, त्याची धाव मोजायची नाही. मायेनेच करतात. पण मी काय केलं ते आठवतं ना? रिमोट तुझ्या डोक्यात घातला. तू रडलास. काकी मला ओरडल्या नाहीत, तुला ओरडल्या. "तिका कशाक फसयतस रे? खेळवूचा तर नीट खेळव."

मला वाटतं तुझं सगळं पुढचं त्या एका ओरड्यातून निघालं. तू हे कधी म्हणाला नाहीस. मी म्हणतेय, खोडायला तू नाहीस.

नंतर तू मुलुंडच्या मॉलमध्ये लागलास, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात. तिथे नवा कन्सोल डेमोला ठेवलेला. पोरं काचेला नाक लावून उभी राहायची आणि मॅनेजर तुला सांगायचा, "कस्टमर बघून हातात दे." कस्टमर बघून म्हणजे चपला बघून. तू एकदा मला बोलावलंस. मी नेहमीच्या झोळीसकट, मोर्चाहून थेट. वॉचमनने अडवलं, तू "माझी बहीण आहे" म्हणून आत घेतलंस, मी त्यावरूनही भांडले, की बहीण असावंच का लागतं. तू ऐकलंच नाहीस. माझ्या हातात कंट्रोलर दिलास आणि म्हणालास, "बोलू नको. चाल फक्त."

स्क्रीनवरचा छोटा माणूस वाळूवरून चालला, कंट्रोलर बारीक थरथरला आणि माझ्या तळहाताला वाळू कळली. मग तो बर्फावर गेला आणि हाताखालचं घसरलं. दोरी ओढली तर बटण जड झालं.

"कसं आहे?" तू विचारलंस.

"जाहिरात आहे," मी म्हणाले. "लोकांना जुना डबा फेकायला लावायची युक्ती."

"हात बघ तुझा. सोडत नाहीये."

मी सोडला. सिद्धेश, तो अनुभव झकास होता. असं काही माझ्या हाताला आयुष्यात कळलं नव्हतं. हे तुला सांगायचं राहिलं, कारण सांगितलं असतं तर तू महिनाभर तेच ऐकवलं असतंस.

तिथून आपलं खरं भांडण सुरू झालं आणि ते तू अर्धवट टाकून गेलास.

तू नोकरी सोडलीस, दुरुस्तीचं काम घरून सुरू केलंस, सोसायटीशी भांडून ती धूळ खात पडलेली वेल्फेअरची खोली मिळवलीस आणि तिथे दोन डबे मांडलेस. एक जुना, पंखा असा की मिक्सर लावल्यासारखा. एक नवा. पोरं अर्थात नव्याकडे. मी म्हटलं, काय फरक आहे? खेळ तोच ना? तू हातातला पाना खाली ठेवलास, आणि तुझा आवाज चढला.

"जुन्यावर तीस फ्रेम. नव्यावर साठ. सेकंदाला साठ चित्रं. डोळ्याला कळतं, हाताला तर कळतंच. समोरचा मारायला येतो ते तुला अर्धा क्षण आधी दिसतं. ऑनलाइन समोर बांद्र्याचा पोरगा साठवर खेळतोय, आपला तीसवर. आपला हरणार. आणि मग सगळे म्हणणार, या पोरांच्यात दम नाही."

"मग ऑनलाइन खेळू नका. आपापसात खेळा."

"हां. आपापसात. खालच्या गल्लीत. वा, पत्रक."

मी तुला लोडिंगवरून डिवचलं. जुन्या डब्यावर गेम लोड व्हायला एवढा वेळ लागायचा की काकी चहा टाकून आणायच्या. पोरं बोलायची त्या वेळात. कुणाचे बाबा घरी आले नाहीत, कुणाला शाळेत काय झालं, सगळं त्या काळ्या स्क्रीनसमोर बाहेर यायचं. नव्यावर बटण दाबलं की खेळ सुरू. मी म्हटलं, "तुझ्या ताकदीने गप्पा खाल्ल्या." तू म्हणालास, "गप्पा मारायला मशीन मंद कशाला लागतं? पॉज दाब आणि बोल ना." मला अजून वाटतं माझं बरोबर होतं. पॉज दाबून कुणी रडत नाही.

मग मी ते पत्रक काढलं. 'ताकद कुणाची, खेळ कुणाचा?' काही वर्षं गेली की कंपन्या नवा डबा आणतात, जुन्याचे खेळ बंद पाडतात, कचरा आपल्या वस्त्यांत येतो, तो जाळून तार काढणारी पोरं आपलीच. हे सगळं खरं होतं, एक शब्द मागे घेणार नाही. पण शेवटी मी लिहिलं होतं, 'आपल्याला नव्या डब्याची गरज नाही.' छापायच्या आधी तुला दाखवलं. तू पेन घेऊन एकच शब्द खोडलास. गरज.

"हा शब्द काढ."

"का? खरंच गरज आहे का?"

"गरज बघून आपल्याला खोल्या दिल्या, पत्रक. बघ किती दिल्या. गरज बघून एवढ्या मोठ्या बिल्डिंगला एकच लिफ्ट. गरज बघून पाणी. आपली गरज कायम दुसराच मोजतो आणि ती कायम कमी भरते. बाकीच्यांना कुणी विचारतं का, तुम्हाला गरज आहे का म्हणून? त्यांना विचारतात, कुठल्या रंगात देऊ?"

"मग काय लिहू?"

"लिही, आपल्यालाही साठ फ्रेम पाहिजेत."

"हे काय पत्रक आहे? लोक हसतील."

"हसू दे. पाहिजे म्हणायला लाजतेस तू."

मी लाजत नव्हते. मला ते चूक वाटत होतं. हाव वाटत होती. मी तो शब्द परत घातला आणि छापलं. तू पोरांना ते पत्रक वाटू दिलंस, उलट स्वतः चिकटवायला मदत केलीस, पण तेवढ्या ओळीवर प्रत्येक प्रतीत पेनाने काट मारलीस. केवढा हट्टी माणूस!

एक भांडण मात्र मी जिंकले, तू मान्य केलं नाहीस तरी. ऑनलाइन मॅच चालू होती, टीममध्ये अनोळखी पोरं, तू हेडफोन मला दिलास. मी नुसतं म्हटलं, "डावीकडे बघा." झालं. पोरीचा आवाज! मग जे सुरू झालं ते लिहीत नाही, काकी वाचतील. एकाने आडनाव विचारलं. कशासाठी विचारलं ते तुलाही कळलं आणि मलाही.

"म्यूट कर," तू म्हणालास.

"मी का गप्प बसू?"

"अगं तुला नाही, त्यांना म्यूट कर."

"म्हणजे ते बोलतच राहणार, फक्त मला ऐकू येणार नाही? ही कुठली पद्धत?"

"यार, तू खेळायला आलीस की मोर्चा काढायला?"

"दोन्ही."

"मग हरू आपण."

"हरू."

हरलोच. मी भाषण देत होते, मागून कुणीतरी येऊन मला उडवलं. तू बरेच दिवस फुगून होतास. आणि मग खोलीत नियम आला, की माइकवर कुणी घाण बोललं तर मॅच तिथल्या तिथे सोडायची, जिंकत असलो तरी. पोरांनी तुला शिव्या घातल्या त्या नियमापायी. तुला साठ फ्रेम हव्या होत्या त्या जिंकायला, आणि तूच जिंकणारी मॅच सोडायला लावत होतास. हे कोडं मी तुला विचारणार होते.

आता यमराजचं सांगते. तू हॉस्पिटलात आत होतास, तुला माहीत नाही. प्लेटलेट्स हव्यात असा मेसेज मी सगळीकडे टाकला. आमच्या संघटनेतले आले, ते येणारच होते. पण बाकीचे जे आले त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. तुझ्या हेडफोनमधले लोक. काकी वॉर्डाबाहेर बाकावर बसलेल्या. एक हडकुळा मुलगा, पाठीला कॉलेजची बॅग, बोरिवलीहून आलेला, घसा खाकरून म्हणाला, "सिद्धेशभाऊंसाठी आलोय. त्यांना सांगा, यमराज आलाय."

काकी उभ्या राहिल्या. मी त्याला मारणारच होते.

"म्हणजे... माझं गेममधलं नाव आहे ते. सॉरी, काकी. सॉरी. मी हर्षद."

काकी त्याच्याकडे बघत राहिल्या. आणि मग हसल्या, रे. तू आत गेल्यापासून पहिल्यांदा. "मेल्या," म्हणाल्या, "दुसरा नाव गावूक नाय तुका?" आणि त्याला हाताला धरून शेजारी बसवलं.

परत निघताना तो माझ्याकडे बघून अडखळला. "तुम्ही त्या... 'डावीकडे बघा'वाल्या का?" मी म्हटलं, हो. त्याने मान खाली घातली. आडनाव विचारणारा तोच होता की नुसता हसणारा, मी विचारलं नाही. त्याच्या दंडाला अजून कापूस लावलेला होता. माझ्या तोंडात एक जबरदस्त वाक्य तयार होतं. ते तसंच राहिलं. मी त्याला माफ केलेलं नाही आणि त्याचे उपकार विसरणार नाही. तू असतास तर म्हणाला असतास, याचं पत्रक काढून दाखव.

तर उद्याचं. त्यांच्याकडे एक मुद्दा आहे आणि तो तूच त्यांना दिलायस. नवा डबा बंद पडलाय. म्हणजे चालू होतो, निळा दिवा लागतो, तुझं नाव दाखवतो आणि कोड मागतो. कोड तू कुणाला सांगितला नाहीस. किती वेळा म्हटलं होतं, डिस्क घे, डिस्क हातात राहते. तू म्हणायचास, "डिस्कवर धूळ बसते, पत्रक. डाउनलोड म्हणजे एकदम क्लीन." क्लीनच झालं सगळं. ते खेळ तुझे नव्हतेच, रे. तुला फक्त खेळायची परवानगी होती, तीही तुझ्याच नावावर, तू असेपर्यंत. काकींना तुझं घड्याळ मिळालं, शर्ट मिळाले, चपला मिळाल्या. खेळ मिळाले नाहीत. एवढी ताकद त्या मशीनमध्ये, वाळू हाताला लागेल इतकी, आणि मालक गेला हे त्याला कळत नाही. हा वाद मी जिंकले. घाणेरडा विजय आहे.

आता ठेवते. उद्या काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

*

रविवार दुपार. सभा झाली. लगेच लिहितेय.

टेरेसवर खुर्च्या मांडल्या होत्या. सगळे आले होते, तुझी पोरं मागे पाण्याच्या टाकीला टेकून. सेक्रेटरी काकांनी सुरुवात केली, की आपला सिद्धेश म्हणजे हिरा होता. दोन मिनिटं शांतता. त्यात कुणाचा तरी फोन वाजला. मग काका म्हणाले, सिद्धेशच्या स्मृतीला साजेसं काहीतरी व्हावं, विद्येचं मंदिर व्हावं. आणि बोर्डाचं डिझाइन सगळ्यांना मोबाइलवर दाखवलं.

मग पप्पा उठले. मला हीच भीती होती. पप्पांनी आवाज चढवला नाही. "मी जिन्यावर बसून शिकलो," ते म्हणाले. "येणारा-जाणारा पुस्तकावरून पाय टाकून जायचा. आपण जे काही आहोत ते पुस्तकामुळे. खेळ दहा मिळतील. टेबल-खुर्ची आणि डोक्यावर दिवा आपल्या पोरांना कोण देणार?" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असत्या. त्यातला एक शब्द खोटा नव्हता.

मी उठले. पप्पांकडे न बघता बोलायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही, त्यांच्याकडेच बघून बोलले. "अभ्यासिका पाहिजेच. पत्रक माझंच होतं. पण या बिल्डिंगला खोली काही एकच नाही. वेल्फेअरची आहे, ऑफिसची आहे, आणि बालवाडीची आहे. बालवाडीच्या खोलीत काय आहे?"

सगळ्यांना माहितेय. मंडपवाल्याच्या खुर्च्या, कापडं आणि बांबू.

"ताई, तो विषय अजेंड्यावर नाही," सेक्रेटरी काका म्हणाले.

"मग घ्या अजेंड्यावर."

"शोकसभा आहे. राजकारण नको."

"त्याची खोली त्याच्याच फोटोखाली रिकामी करताय, ते काय आहे?"

गोंधळ झाला. कुणी म्हणालं, बस खाली. कुणी म्हणालं, बोलू द्या तिला. काकांनी दोन्ही हात वर केले, समजूतदार चेहरा केला आणि म्हणाले, "हे बघा, मधला मार्ग काढू. नवा डबा तर बंदच आहे. जुना ठेवू एका कोपऱ्यात. पोरांना तेवढा पुरे." मग माझ्याकडे वळले. हसत होते. "ताई, तुमच्याच पत्रकात आहे. आपल्याला नव्या डब्याची गरज नाही. आहे ना?"

सिद्धेश, माझं वाक्य. शब्दाला शब्द. मी लिहिलं तेव्हा ते कंपन्यांच्या तोंडावर फेकलेलं वाक्य होतं. त्यांच्या तोंडून ते कसं ऐकू आलं सांगू? कुणीतरी माझ्या हातात रिमोट देतंय आणि वायर खाटेखाली आहे.

मला पुढचं नीट आठवत नाही. मी म्हणाले, गरज मोजणारे तुम्ही कोण? म्हणाले, या पोरांना सगळं पाहिजे, अभ्यासाची खोली पाहिजे, खेळाची पाहिजे, नवा डबा चालू होऊन पाहिजे, साठ फ्रेम पाहिजेत. सेक्रेटरी काका म्हणाले, "साठ काय?" मागे टाकीजवळ पोरं फिदीफिदी हसली. मी म्हणाले, "सेकंदाला साठ चित्रं. बांद्र्यात आहेत, इथे का नकोत?" लोक हसले. तू म्हणाला होतास तसेच हसले. मी थांबले नाही. लिफ्टवर गेले, पाण्यावर गेले, बाजूच्या तळघरावर गेले, डासावर गेले. म्हणाले, ज्याने मारलं त्याच्यावर एक ठराव नाही आणि जो डबा टीव्हीखाली गप्प बसलाय त्याला शिक्षा! माझा आवाज फाटला तिथे.

मग काकी उठल्या. तुझी आई सभेत कधी बोललेली कुणी ऐकली नव्हती.

"तेचा नाव अभ्यासिकेक घालू नका," त्या म्हणाल्या.

"अहो वहिनी, सन्मान म्हणून..."

"कसलो सन्मान? माझो झील त्या खोलयेत बसान एक दिवस अभ्यास करूक नाय. दहावीक पण नाय. खोटा कशाक लिवतास?" कुणीतरी हसलं, मग बरेच हसले, काकी हसल्या नाहीत. "तो थंय पोरांका खेळवी. ता वायट होता तर तो जित्तो असताना सांगूचा होता. चावी माझ्याकडे आसा. मी कुलूप लावूचंय नाय."

त्या बसल्या. आणि पप्पा परत उठले. मला वाटलं, आता हे परत जिन्याचं सांगणार. ते म्हणाले, "बालवाडीच्या खोलीची चावी कुणाकडे आहे?"

सेक्रेटरी काकांनी अजेंड्याचा कागद उलटा करून पाहिला. "मंडपवाल्याकडे."

"फोन लावा त्याला," पप्पा म्हणाले. "आत्ता लावा. स्पीकरवर."

लावावा लागला. मंडपवाला म्हणतोय लग्नसराई संपू दे, पप्पा म्हणतायत नाही. ते भांडण चालू आहे, पण आता ते पप्पांचं आहे आणि पप्पा माझ्यापेक्षा चिवट आहेत. वेल्फेअरची खोली उघडी आहे. बोर्ड लागणार नाही. जुना डबा मिक्सरसारखा ओरडतोय, मला इथवर ऐकू येतोय. नव्याचा दिवा निळा. कंपनीला मी सोडणार नाही, तो उघडायला लावीन, भले दारात बसावं लागलं तरी.

पण एक अडचण झालीय. मघाशी खाली पोरींपैकी एकीने विचारलं, "ताई, जुना चालतोय की. मग नवा कशाला पाहिजे?" आणि मी तुझ्या सुरात, तुझ्या शब्दांत, तिला दहा मिनिटं सुनावलं. ती ऐकून घेत होती. सगळे ऐकून घेत होते. कुणी म्हणालं नाही, की ताई, थांबा, कचऱ्याचं काय? जुन्याचे खेळ बंद पाडतात त्याचं काय? लोडिंगच्या वेळात पोरं बोलायची त्याचं काय? हे सगळे मुद्दे खरे आहेत, सिद्धेश, मी लिहिलेत ते. मी तुझ्या बाजूला आले, आणि माझी बाजू सेक्रेटरी काकांच्या हातात पडली. ते ती फार वाईट मांडतात. तू असतास तर आज तू मुद्दाम माझी बाजू घेतली असतीस, एकेक मुद्दा लढवला असतास, नुसता मला खोडायला.